हामीनची हंडी आणि शनवारचा घाणा



येथे इस्राएलमध्ये आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आता शुक्रवारी दुपारी विजेचा स्लो कुकर लावला जातो. मांस, गहू, हरभरे, बटाटे, सालीसकट अंडी असे सारे त्यात भरून झाकण घालावयाचे आणि शब्बाथच्या दुपारी ते उघडावयाचे. हे जेवण कोकणातून आपल्याबरोबर आले नाही. मोरोक्को, इराक, पोलंड येथून आलेल्या घरांशी आपले सोयरसंबंध जुळले, तेव्हा सुनांच्या आणि जावयांच्या पावलांनी ते आपल्या स्वयंपाकघरात शिरले. म्हणून आपली मुले विचारतात, ‘त्यांचे हामीन आहे, तसे आपले कोणते?’ या प्रश्नापुढे वडीलधारी मंडळी गप्प बसतात, जणू काही आपल्या पूर्वजांकडून काहीतरी करावयाचे राहून गेले. ही मान खाली घालण्याची गोष्ट नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मात्र त्यासाठी या हंडीचा इतिहास पाहिला पाहिजे. ही हंडी जेवणाच्या पाटावर जितक्या वेळा आली, तितक्याच वेळा साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही उभी राहिली आहे.

मूळ प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात शब्बाथच्या दिवशी घरात अग्नी पेटवण्यास मनाई केली आहे. पण सूर्यास्तापूर्वी पेटवलेला अग्नी पुढे चालू राहिला तर काय? मिश्नाची रचना इसवी सन २०० च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी पूर्ण केली. तिच्या ‘शब्बाथ’ या ग्रंथातील तिसरा आणि चौथा अध्याय याच विचाराला वाहिलेले आहेत. ज्यांनी गावाकडची चूल पाहिली आहे, त्यांना हे अध्याय समजण्यास टीकाकाराची गरज पडू नये. काडी-पाचोळ्यावर तापलेली चूल लवकर निवते, म्हणून तिच्यावर शिजलेले अन्न ठेवावयास हरकत नाही. लाकडे जाळली असतील, तर आधी निखारे ओढून काढावेत किंवा त्यांच्यावर राख घालावी आणि मग भांडे ठेवावे. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून चुलीच्या वैलावर भांडे सरकवणारी आपली आजी हेच करीत होती.

चौथा अध्याय भांडे गुंडाळून ठेवण्याविषयी, म्हणजे ‘हतमाना’विषयी आहे. कपडे, कबुतराची पिसे, सुताराच्या कामाचा भुसा यांत गरम भांडे पुरून ठेवता येते, कारण या वस्तू असलेली ऊब राखतात, नवी ऊब देत नाहीत. शेणखत, चुना, वाळू यांसारख्या जिनसा मात्र स्वतः तापतात आणि भांड्याला आणखी तापवतात, म्हणून शुक्रवारीसुद्धा त्यांत भांडे पुरू नये. यामागची भीतीही गेमाराने सांगितली आहे. अशी मोकळीक दिली, तर माणूस उद्या भांडे फुफाट्यात पुरेल आणि शब्बाथ लागल्यावर निखारे ढवळून बसेल.

या मनाईच्या यादीतील पहिलीच वस्तू आपल्या कानांना ओळखीची वाटावी अशी आहे. ती म्हणजे तेल गाळल्यावर उरणारी पेंड. ढीग करून ठेवलेली पेंड आतून तापत जाते, हे घाण्यावर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. गेमारातील विद्वान पुढे विचारतात की ही पेंड जैतुनाची समजावी की तिळाची? ज्यांच्या आडनावांपुढे गावोगावच्या घाण्यांचा इतिहास उभा आहे, त्या आपल्या समाजाला हा प्रश्न दूरच्या देशातला का वाटावा?

अनेक सिनेगॉगांत शुक्रवारी संध्याकाळी याच ग्रंथाचा ‘बमे मदलिकीन’ हा दुसरा अध्याय म्हटला जातो. त्याच्या शेवटच्या शब्दांत, दिवस मावळला की नाही अशा संदिग्ध वेळीही गरम अन्न गुंडाळून ठेवता येते, असे सांगितले आहे. तेथे गरम अन्नासाठी आलेला शब्दच ‘हामीन’ हा आहे.

आठव्या शतकात बगदादकडे आनान बेन दावीद यांच्या काळापासून वेगळा विचार बळावला आणि त्यातून कराई पंथ उभा राहिला. मौखिक परंपरा न मानता केवळ लिखित तोरावर चालावे, असे या पंथाचे म्हणणे होते. घरात अग्नी नसावा याचा अर्थ त्यांनी पूर्ण शब्दशः घेतला. प्रारंभीच्या कराई घरांत शब्बाथच्या रात्री दिवा नसे आणि अन्न थंड असे. रब्बींना मानणाऱ्यांनी यावर उत्तर दिले ते तेवता दिवा आणि वाफाळती हंडी यांनी. बाराव्या शतकात प्रोव्हान्समधील रब्बी जराहिया हलेवी यांनी तर येथवर लिहिले की शब्बाथच्या दिवशी जो गरम अन्न खात नाही, तो पाखंडी तर नाही ना, याची चौकशी करावी. अशा रीतीने घरगुती हंडी निष्ठेची कसोटी बनली.

सोळाव्या शतकात पोलंडमधील क्राकोवचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी हाच नियम नोंदवताना त्याची मर्यादा नेमकी सांगितली, आणि ती आपण नीट ऐकली पाहिजे. संशय येतो तो ऋषितुल्य आचार्यांचे वचन नाकारून गरम अन्न निषिद्ध ठरवणाऱ्यावर. ज्याच्या घरी तशी हंडी नाही, एवढ्याच कारणाने त्याच्यावर संशय घेतलेला नाही.

ज्या देशात ही हंडी गेली, तेथील धान्य आणि तेथील शब्द तिने घेतले. अरबी भाषिकांत ती ‘दफीना’ झाली, म्हणजे पुरून ठेवलेली. मोरोक्कोत तिला ‘सखीना’, म्हणजे ऊन असलेली, असेही म्हणतात. बगदादकरांत कोंबडी आणि भात रात्रभर मुरवून ‘तबीत’ होते, आणि त्या नावात रात्र काढण्याचा अर्थ आहे. बगदादी कुटुंबांनी हा रिवाज मुंबईत आणि कलकत्त्यातही नेला. हंडीवर रात्रभर ठेवल्याने तपकिरी झालेली अंडी आणि तळलेले वांगे हा इराकी घरांचा शब्बाथच्या सकाळचा फराळ होता. आज रमत गानच्या रस्त्यावर ‘सबीख’ म्हणून विकले जाते, ते त्याचेच रूप होय. पूर्व युरोपात हंडीचे नाव ‘चोलंत’ पडले. तेथे कुटुंबे आपली भांडी शुक्रवारी गावच्या भट्टीत नेऊन ठेवीत आणि शनिवारी प्रार्थनेनंतर परत आणीत. बटाटा आणि राजमा हे दोन्ही अमेरिकेतून आलेले, म्हणजे १४९२ नंतरचे. त्यापूर्वीच्या हंडीत हरभरे, बाकला, गहू, जव असत. सनातन वाटणारी पाककृतीही काळानुसार बदलत आली आहे.

स्पेनमध्ये हंडीची साक्ष उलट बाजूने काढली गेली. तेथे ‘आदाफिना’ हे नाव होते. १४७८ मध्ये इन्क्विझिशनला मंजुरी मिळाली आणि १४९२ मध्ये यहुद्यांना देशाबाहेर काढण्यात आले. बाप्तिस्मा घेऊन मागे राहिलेल्यांवर शेजाऱ्यांनी आणि मोलकरणींनी नजर ठेवावी म्हणून खुणांच्या याद्या जाहीरपणे वाचल्या जात. शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, शुक्रवारी दिवे लावणे आणि शुक्रवारी शनिवारचे जेवण रांधून ठेवणे या त्या खुणा. एकाच हंडीवरून प्रोव्हान्समध्ये माणूस खरा यहुदी ठरत होता आणि तोलेदोमध्ये गुन्हेगार.

ही न्यायपीठे पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावरही आली. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले. मुंबई बेट ज्यांच्याकडे पट्ट्याने होते ते प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता यांची बहीण कातारीना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये गोव्यात जाळण्यात आले. ओर्तांचा मृत्यू त्याआधीच झाला होता, तरी १५८० मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या.

त्याच किनाऱ्यावर, थोडे उत्तरेस, कुलाब्याच्या गावांत आपले पूर्वज घाणे चालवीत होते. त्यांच्याजवळ मिश्ना नव्हती, गेमारा नव्हता. पण शनिवारी घाण्याचा बैल सोडलेला असे, आणि एवढ्यावरून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. त्या नावाचे वजन आपण कधी तोलून पाहिले आहे काय? ते त्यांनी स्वतः घेतले नाही. एखाद्या दिवशी तेल मिळाले नाही म्हणून परत गेलेल्या शेजाऱ्यांनी ते दिले. शेजारच्या घरांत श्रावणातील शिळासप्तमीला चूल थंड ठेवून आदल्या दिवशी रांधलेले खाण्याची चाल होती, त्यामुळे चुलीच्या विसाव्याचा दिवस ही कल्पना गावाला परकी नव्हती. कराईंशी झालेला वाद बगदाद, जेरुसलेम, कैरो आणि स्पेन येथे रंगला. कोकणात उत्तर द्यावयास कोणी प्रतिपक्षच नव्हता, म्हणून उत्तर देणारी हंडीही तेथे घडली नाही. वाद नव्हता, पण विसावा होता. मुळात आज्ञा विसाव्याचीच आहे.

आपली परंपरा सांगते की दावीद राहाबी यांनी आपल्या पूर्वजांना ओळखले तेही अन्नावरूनच. त्यांनी घरातील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि स्त्रियांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले. तेथे पाकशास्त्राची परीक्षा नव्हती. काय नाकारले जाते, हे पाहिले गेले.

याच देशात १९६० नंतरच्या वर्षांत आपल्याला पुन्हा साक्षीला उभे केले गेले. विवाहाच्या वेळी बेने इस्राएलांच्या आई-आजीच्या कुळाची चौकशी व्हावी असे आदेश निघाले. आपल्या लोकांनी संप केले, धरणी धरली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ठराव करून बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदी आहेत, असे जाहीर केले. तो लढा पाहिलेली माणसे अजून आपल्यात बसलेली आहेत. म्हणून ‘आपले हामीन कोणते?’ या प्रश्नाला कोणाच्या हंडीच्या मापाने उत्तर देण्याचे आपल्याला कारण नाही.

आता ज्या यंत्रापासून आपण सुरुवात केली, त्याची जन्मकथा. शिकागोतील इरविंग नॅक्सन या यहुदी संशोधकाने १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मिळाले. कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे, व्हिल्ना परिसरातील गावात चोलंतची भांडी भट्टीत नेऊन ठेवीत असत, ही हकिकत त्याने आईकडून ऐकली होती. त्या मावळत्या भट्टीची मंद, सर्व बाजूंची ऊब विजेने देता येईल काय, हा त्याचा प्रश्न होता. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय घेतला आणि पुढच्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते भांडे बाजारात आले. नोकरीवर जाणाऱ्या अमेरिकन स्त्रियांनी ते उचलून धरले. शब्बाथसाठी शोधलेली युक्ती आठवड्याच्या इतर सहा दिवसांच्या कामाला आली.

आत घडते ते जुनेच. जाड चिनीमातीच्या भांड्याला बाजूंनी मंद ऊब मिळते, वाफ झाकणावर थिजून पुन्हा आत पडते आणि उत्कलनबिंदूच्या किंचित खाली तासन्‌तास राहिलेल्या चिवट मांसातील कोलॅजनचे जिलेटिन होते. म्हणूनच स्वस्त मांस येथे महागड्यापेक्षा चांगले लागते. गरिबांच्या हंडीचे हेच मर्म आहे. राजमा घालणाऱ्यांनी मात्र तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, आधी दहा मिनिटे खळखळ उकळून घ्यावा. कच्च्या राजम्यातील विषारी द्रव्य मंद आचेवर नाहीसे होईलच असे नाही.

धर्मशास्त्राने या यंत्रालाही जुनाच प्रश्न विचारला आहे. चारही बाजूंनी भांड्याला वेढून त्यास तापवत राहणारे हे कवच पिसांसारखे मानावे की पेंडीसारखे? काही रब्बी त्यास परवानगी देतात. काही सांगतात की आतल्या भांड्याखाली ॲल्युमिनियमच्या कागदाचे गोळे ठेवून ते उचलून घ्यावे, म्हणजे ते पुरल्यासारखे होणार नाही. आपापल्या रब्बींना विचारून वागावे. पण विचारताना हेही ध्यानात असू द्यावे की हा प्रश्न प्रथम पेंडीवरून निघाला, आणि पेंड म्हणजे काय हे आपल्या पणजोबांना कोणी शिकवावे लागले नसते.

हामीन अवश्य करावे. त्यात कोकणची आठवण म्हणून खोबरे आणि हिरवा मसाला घातला, तरी हंडी रागावणार नाही. सर्वत्र ती अशीच बदलत आली आहे. फक्त मुलांनी विचारले, तर त्यांना सांगावे की इतरांनी शब्बाथ हंडीत राखला, आणि आपण तो थांबलेल्या घाण्यात राखला.

शब्बाथ शालोम.