गोधडीचा हिशोब



मागच्या थंडीत आमच्या गटाने एका प्रदर्शनात गोधड्या मांडल्या होत्या. एक ताई आल्या, गोधडी उलगडून पाहिली, हात फिरवला आणि म्हणाल्या, "जुन्याच साड्यांची ना? मग 700 रुपये कशाचे?" आमच्या मावशींनी मुकाट्याने ती 500 ला देऊन टाकली. मी गटाची समन्वयक, पण मलाही तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते उत्तर आज तुमच्याबरोबर शोधायचं आहे, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

आज जुनी साडी देऊन बोहारणीकडून भांडं घेतो, तेव्हा कापड किती महाग होतं हे आपल्या ध्यानात येत नाही. सूत हातानं कातायचं, कापड हातमागावर विणायचं. मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. पुढे गिरणीचं लुगडं खेड्यापाड्यातल्या बाजारात आलं, तरी गरिबाघरच्या बाईला एक अंगावर आणि एक दांडीवर एवढंच मिळायचं. म्हणून कापड टाकून देणं माहीतच नव्हतं. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून जास्त कापड. ते विरलं की आधी मधून फाडून, दांड भरून पुन्हा नेसायचं. त्याहून विरलं की गोधडीला. गोधडी झिजली की तिचे चांगले तुकडे बाळाच्या दुपट्याला. दुपटं फाटलं की पायपुसणं, आणि शेवटी सारवणाचं पोतेरं.

आपल्याकडे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ म्हणतात. घोंगडी वेगळी. ती मेंढीच्या लोकरीची, विणणाऱ्याकडून विकत घ्यायची. गोधडी मात्र घरातच व्हायची, आणि एकटीनं सहसा व्हायची नाही.

होळी झाली, रानातली कामं सरली की बोचकी बाहेर निघायची. धुऊन कडक उन्हात वाळवलेली लुगडी, धोतरं, पोरांचे सदरे. ओट्यावर नाहीतर पडवीत आधी अस्तर पसरायचं, त्यावर चिंध्यांचे थर, त्यावर चांगलं लुगडं. आजी थर लावायची, कारण कुठे जाड, कुठे पातळ राहायला नको. मग चार बाजूंना चौघी बसायच्या. आई, काकू, आत्या, शेजारची मावशी. कडेपासून धावदोरा घालत, गोल फिरत मधे यायचं. एकटी बसली तर थर सरकतात, मधे फुगा येतो. चौघींनी चारही बाजू ताणून धरल्या की गोधडी सपाट येते. घरच्या कमी पडल्या तर सावड असायची. आज तुझी गोधडी, उद्या माझी. जशी निंदणीला सावड, तशीच.

गोधडी कुणासाठी, हे आधी ठरलेलं असायचं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की बाळंतविड्यातली छोटी गोधडी, आणि ती आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचीच हवी, कारण नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं. सासरी जाणाऱ्या मुलीसाठी एक. गावाला शिकायला निघालेल्या मुलासाठी एक. निफाडची थंडी आपल्याला ठाऊक आहे. आजही पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे येतात, तेव्हा त्यांच्या गाठोड्यात गोधडी असतेच.

या बैठकीची आणखी एक बाजू सांगते. सासुरवाशिणीला दुपारी नुसतं बसता येत नसे. हातात सुई असली की मात्र कुणी उठवायचं नाही. त्या दोन-तीन तासांत बायका बोलायच्या. कुणाचा नवरा दारू पितो, कुणाच्या मुलीला स्थळ आलंय, कुणाच्या घरी दाणा नाही. माझी आजी सांगायची, "गोधडीला बसलं की सगळ्या गावाची नाडी कळायची." पण सगळंच गोड नव्हतं. हे काम स्वयंपाक, पाणी, शेण, रान हे सगळं उरकून करायचं, आणि ते काम म्हणून कुणी मोजलं नाही. गोधडी शिवणारीला तू आज काय केलंस असं विचारलं, तर ती म्हणायची, "काही नाही, बसले होते."

आता कापड आणि पैसा यांचा एक फार जुना हिशोब सांगते, तोही आपल्याच नाशिकचा. पांडवलेण्यांत जाऊन आला असाल. तिथे दहाव्या लेण्यात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवली. कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. गोवर्धन गाव आजही नाशिकजवळ आहे. त्यातल्या 2000 वर महिन्याला शेकडा एक व्याज. त्या व्याजातून पावसाळा लेण्यात काढणाऱ्या 20 भिक्खूंना कापडासाठी प्रत्येकी 12 नाणी. करून बघा हिशोब. महिन्याला 20, वर्षाला 240, आणि वीस बारे 240. बरोबर जुळतो! आपल्या गटाच्या वहीसारखा. भिक्खूंचं चीवरही तुकडे जोडूनच शिवलेलं असायचं, आणि पावसाळा संपला की सगळ्यांनी मिळून एका दिवसात चीवर शिवायची रीत बौद्ध संघात आहे.

दगडावर दान देणाऱ्याचं नाव आहे, ठेव आहे, व्याज आहे. पण कापड शिवणाऱ्या हातांना किती वेळ लागला, हे तिथे नाही. आपल्या आज्यांच्या गोधड्यांचंही तसंच झालं. गोधडी वापरून झिजते, पोतेरं होते, चुलीत जाते. कागदावर कुठे नोंद नाही, आणि वस्तूही उरत नाही.

महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 साली आलं, नाबार्डने 1992 पासून बचत गट बँकांशी जोडले, आणि आपण वह्या लिहायला शिकलो. हीच वही गोधडीलाही लावता येते. अमेरिकेत अलाबामा राज्यात गरीब काळ्या बायका घरच्या चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या. 1966 साली त्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली आणि त्याच गोधड्या शहरात विकल्या. त्यांची सुरुवातही जुन्या कपड्यांपासूनच होती.

म्हणून प्रदर्शनाहून आल्यावर आम्ही हिशोबाला बसलो. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी. ओळींत पाऊण इंचाचं अंतर धरलं तर 64 ओळी होतात, म्हणजे 384 फूट शिवण. इंचाला तीन टाके धरले तर 13,824 टाके. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, चौदा हजार? मी मोजलेच नव्हते कधी!" चौघींनी रोज तीन तास, असे पाच दिवस बसून ती पुरी केली होती. एकूण 60 तास. नवं अस्तर आणि दोरा यांचे 220 रुपये गेले. पाचशेतून उरले 280. तासाला पाच रुपयेसुद्धा पडले नाहीत.

त्या ताईंचं फार चुकलं असं नाही. साड्या फुकटच्या होत्या, हे आम्हीच सांगत होतो. तासांचं आम्ही बोलतच नव्हतो. आणि आता सुती साडीही फुकट राहिली नाही. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम शोषत नाहीत, थरात सरकतात. जुनं सुती लुगडं शोधावं लागतं.

आता आमच्या गटात प्रत्येक गोधडीला कापडाची छोटी पट्टी शिवतो. त्यावर कुणी शिवली त्यांची नावं, लुगडं कुणाचं, आणि किती तास लागले. किंमत तासावरून काढतो. महाग म्हणून काही गोधड्या परत येतात, हेही खरं आहे. त्या आम्ही आमच्याच लेकीसुनांना देतो, पट्टीसकट.

तुमच्या घरी एखादी जुनी गोधडी असेल तर आज बाहेर काढा. आजी असेल तर तिला विचारा, यात कुणाकुणाचं लुगडं आहे आणि चार बाजूंना कोण बसलं होतं. ती नावं वहीत लिहून ठेवा. आजी नसेल तर काकूला, आत्याला विचारा. पुढच्या बैठकीत आपण ती वाचू.