सचिन खिलारी

पॅरिस येथे ४ सप्टेंबर २०२४ रोजी झालेल्या पॅरालिम्पिकमधील गोळाफेकीत (एफ-४६ गट) सचिन सर्जेराव खिलारी यांचे सुवर्णपदक अवघ्या सहा सेंटिमीटरने हुकले. दुसऱ्या प्रयत्नात १६.३२ मीटर अंतर गाठून त्यांनी स्वतःचाच आशियाई विक्रम मोडला. कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्ट यांनी १६.३८ मीटरसह सुवर्ण राखले. तरीही खिलारी यांच्या रौप्यपदकाचे मोल मोठे आहे. पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पॅरालिम्पिक पदक मिळाले ते १९८४ नंतर, चाळीस वर्षांनी.

सांगली जिल्ह्यातील आटपाडी या दुष्काळी तालुक्यातले करगणी हे त्यांचे गाव. २३ ऑक्टोबर १९८९ रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मातृछत्र लहानपणीच हरपले. शालेय वयात सायकलवरून पडून डाव्या हाताला दुखापत झाली, पुढे गँग्रीन झाले आणि तो हात कायमचा अधू झाला. पुण्यात त्यांनी यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि तेथेच मैदानाची ओढ वाढली. प्रारंभी ते भालाफेक करीत. खांद्याच्या दुखापतीनंतर गोळाफेकीकडे वळले.

गोळा एकाच हाताने फेकला जातो. त्यामुळे दुसरा हात अधू असला तरी बिघडत नाही, हा समज चुकीचा आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा हात शरीराचा तोल सांभाळतो आणि अखेरच्या क्षणी डावी बाजू रोखून धरतो. पाय आणि कमरेतून आलेला जोर त्यामुळेच उजव्या खांद्याकडे वळतो. हा आधार उणा असताना खिलारी यांनी सोळा मीटरची मर्यादा वारंवार ओलांडली.

२०२३ मध्ये पॅरिसच्या जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत १६.२१ मीटर, त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत १६.०३ मीटर आणि २०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत १६.३० मीटर अशी त्यांची सुवर्णमालिका आहे. खेळाबरोबरच स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचे कामही त्यांनी केले.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार प्रदान झाला. त्याच वेळी जीवनगौरव अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९७२ च्या पॅरालिम्पिकमधील सुवर्णविजेते जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांना. पेटकरही सांगली जिल्ह्याचेच. त्यांना या सन्मानासाठी अर्धशतकाहून अधिक काळ थांबावे लागले. खिलारी यांच्या पदकाची दखल मात्र काही महिन्यांतच घेतली गेली. दिव्यांगांच्या खेळाकडे पाहण्याची देशाची दृष्टी किती बदलली, हे या दोन तारखांतून कळते.