कालवं, गटार आणि वहिवाट

माझी आत्या कालवं काढायची. आमच्या गावाला खाडीच्या तोंडाशी काळे खडक आहेत. उधाणाच्या दिवसांत सुकती लागली की पाणी लांब जातं, खडक उघडे पडतात. मग बौद्धवाडीतल्या पाच-सहा बाया डोक्याला फडकं बांधून, कोयत्या घेऊन उतरायच्या. कालव खडकाला असं चिकटून बसलेलं असतं की नवख्याच्या हाती कालव येत नाही, बोटातून रक्त येतं. दोन-अडीच तास कमरेत वाकून राहिलं की एक डबा भरायचा. बाजाराच्या कडेला बसून तो वाटी-वाटीनं विकायचा. त्या वाटीवर मी आठवीपर्यंत शिकलो. पुढचं जे काय शिकलो ते सूतगिरणीत, रिंग खात्यात, रात्रपाळीला.

याला धंदा म्हणायचं का? दुकान नाही, पाटी नाही, पावतीबुक नाही. मी म्हणतो, धंदाच. भांडवल म्हणजे कंबर, आणि खाडीचं स्वच्छ पाणी.

ते पाणी नगरपालिकेनं नासवलं. पूर्वी गावाचं सांडपाणी ठिकठिकाणी मुरायचं. मग सिमेंटचं गटार झालं. नारळ फुटला, हार पडले, फोटो निघाले. गटाराचं तोंड मात्र आणून सोडलं आमच्या खडकांवर. संडासाचं पाणीही त्यातच. दोन पावसाळे गेले आणि खालच्या आळीतल्या तिघाचौघांना जुलाब लागले. त्यांनी कालवं खाल्ली होती.

आता ऐका. बाजारात कोणी म्हणालं नाही की गटारावरची कालवं खाऊ नका. म्हणाले, बौद्धवाडीची कालवं खाऊ नका.

आत्याचा अर्ज मी लिहिला. कचेरीतल्या कारकुनानं तो उलटा-सुलटा करून पाहिला. "मावशी, खडक तुमच्या मालकीचा आहे काय? लायसन आहे काय? नाही ना? मग नुकसान कसलं?" आणि वर, "गावाचं पाणी कायम खाडीतच जातंय. नवीन काय?"

आत्या बाहेर येऊन मला म्हणाली, "बाबू, त्यांचा पाणी कायम जातो, आणि आमची कालवा कायम नव्हती काय?"

हा लेख तिच्या त्या प्रश्नावर आहे. मी वकील नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी वाचणारा गिरणी कामगार आहे. पण कारकुनाची ती दोन वाक्यं कुठून आली हे शोधता शोधता मी शंभर-सव्वाशे वर्षं मागं गेलो. तिथं इंग्लंडातसुद्धा कालवंच सापडली.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्पशर परगण्यात एम्सवर्थ म्हणून एक लहान बंदरगाव आहे. गावाचा नावलौकिक कालवांवर. समुद्रातून कालवं आणायची, किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांधलेल्या तळ्यांत ठेवायची, पोसायची आणि शहरांना विकायची. होड्या बांधणारे, जाळी विणणारे, कालवं वाहणारे, सगळं गाव त्यावर जगायचं. गावाचा कारभार वॉरब्लिंग्टनच्या स्थानिक परिषदेकडं. आपल्याकडची नगरपालिका समजा. या परिषदेचं मैलापाणी त्याच किनाऱ्यावर, कालवांच्या तळ्यांपाशी पडायचं.

कालव हा प्राणी पाणी गाळून जगतो. पाणी आत ओढतो, त्यातलं अन्न ठेवतो, पाणी सोडतो. पाण्यात माणसाचा मैला असेल तर त्यातले रोगजंतूही त्याच्या अंगात साठतात. मासा पोहत दुसरीकडं जातो. कालव जात नाही. गरिबासारखं आहे ते. जिथं चिकटलं तिथंच भोगतं.

१९०२ च्या नोव्हेंबरात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्हीकडं ताटात एम्सवर्थची कालवं होती. शंभराहून जास्त पाहुणे आजारी पडले. कित्येकांना विषमज्वर झाला, काही मेले. मेलेल्यांत विंचेस्टरच्या मोठ्या चर्चचा डीन होता. मग सरकार हललं. चौकशीला डॉक्टर आला, त्यानं बोट मैल्याच्या गटाराकडं दाखवलं. एम्सवर्थच्या कालवांची विक्री बंद पडली.

इथं मी वाचता वाचता थांबलो. त्याआधी त्या किनाऱ्यावरची साधी माणसं ही कालवं खात नसतील काय? त्यांना ताप आले नसतील काय? पण चौकशी लागली ती डीन मेल्यावर. महापौराच्या ताटात मैला पोचला तेव्हा तो मैला ठरला. तोवर तो नुसतं 'गावाचं पाणी' होता.

एम्सवर्थमध्ये फॉस्टर नावाचा कालवांचा व्यापारी होता. तो काही आमच्या आत्यासारखा फाटका नव्हता. लाकडाचा धंदा होता, जहाजं बांधायचा. पण नगरपालिकेपुढं तोही एकटाच. त्यानं परिषदेला कोर्टात खेचलं. १९०६ साली अपील कोर्टाचा निकाल त्याच्या बाजूनं लागला. या खटल्यातल्या दोन गोष्टी मी वहीत मोठ्या अक्षरांत उतरून घेतल्या.

पहिली गोष्ट मालकीची. तळी होती ती किनारपट्टी फॉस्टरच्या मालकीची नव्हती. जमीनदाराची होती. पक्का कागद फॉस्टरकडं नव्हता. कोर्ट म्हणालं, कागद नसला तरी तळी त्याच्या ताब्यात आहेत, तो ती वर्षानुवर्षं एकटा वापरतोय. बाहेरून येऊन त्यात घाण सोडणाऱ्याला 'तुझा मालकीहक्क दाखव' असं विचारायचा अधिकार नाही.

दुसरी गोष्ट वहिवाटीची. परिषद म्हणाली, आमचं पाणी जुन्या काळापासून तिथंच जातंय, आता तो आमचा हक्क झाला. कोर्टानं ते मानलं नाही. घाण सोडत राहिलं म्हणून घाण सोडायचा हक्क तयार झाला नाही.

कारकुनाची दोन्ही वाक्यं हीच. 'कागद दाखव' आणि 'कायम असंच चाललंय'. १९०६ साली हरलेली वाक्यं आमच्या गावच्या खिडकीत अजून नोकरीला आहेत.

वहिवाट हा शब्द वाचला आणि मी एम्सवर्थहून उठून थेट महाडला आलो. आपल्यातल्या कोणाला वेगळी वाट सुचणार? चवदार तळं आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण एकदा नगरपालिकेच्या बाजूनं वाचून पाहा.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले आहेत. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं ठराव करून आपलं तळं खुलं केलं. ठराव झाला आणि कपाटात गेला. तीन वर्षं नगरपालिकेनं त्यासाठी बोटसुद्धा हलवलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. म्हणजे नगरपालिकेनं स्वतःच केलेल्या ठरावाची अंमलबजावणी केली, इतकंच. त्यावर आपल्या लोकांची डोकी फुटली. आणि तळं बाटलं म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतल्या गेल्या.

बघा दोस्तहो. माणसानं ओंजळभर पाणी प्यालं तर पाणी बाटतं. शेण-मूत ओतलं की शुद्ध होतं. आणि आज गावभरचा मैला खाडीत सोडला तर काहीच होत नाही, त्याला विकास म्हणतात. या देशात पाण्याची घाण नाकानं ओळखत नाहीत, जातीनं ओळखतात. म्हणून गटाराची कालवं 'बौद्धवाडीची कालवं' झाली.

४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. डिसेंबरात सवर्णांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. त्यांचं म्हणणं काय? तळं आमचं, आणि अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची. खटला दहा वर्षं चालला. महाड, ठाणं आणि शेवटी मुंबईचं हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं सांगितलं की अशी अनादी रूढी शाबीत झालेली नाही.

कायदेपंडित म्हणतील, रूढी वेगळी आणि गटाराचा वहिवाटीचा हक्क वेगळा, दोन खटल्यांची मोट बांधू नकोस. असेल वेगळं. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला वरून एकच आवाज येतो. कायम असंच चाललंय. जो अन्याय जुना, तो हक्क. एम्सवर्थला आणि महाडला, दोन्हीकडं कोर्टाला सांगावं लागलं की नुसतं जुनं असणं पुरेसं नाही.

नगरपालिकांकडं आणखी दोन सबबी असतात. एक, गाव मोठं आहे, लोकसंख्या फार, घाण न्यायची कुठं? बर्मिंगहॅम शहरानं १८५८ साली हेच सांगितलं होतं. टेम नदीत मैला सोडला, खालच्या जमीनदारानं दावा लावला. शहर म्हणालं, अडीच लाख माणसांचा प्रश्न आहे. कोर्ट म्हणालं, माणसं किती हा प्रश्नच नाही, एकाचा हक्क बुडतोय की नाही तेवढं सांगा. दुसरी सबब, पैसा नाही. ती आपल्याच देशात निकालात निघाली. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारं, संडासांची सोय नसणं आणि दारूच्या कारखान्याचं घाण पाणी यांबद्दल तक्रार केली. नगरपालिका पैसा नाही म्हणत सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं की तिजोरी रिकामी असल्याचं सांगून नगरपालिकेला मूळ कर्तव्यातून सुटता येणार नाही.

कायदेही आहेत. महाराष्ट्रानं जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला, केंद्राचा १९७४ साली आला. २०१० च्या कायद्यानं हरित लवाद झाला, त्याचं एक पीठ पुण्यात आहे. नुकसान झालेला माणूस तिथं भरपाई मागू शकतो, पण पाच वर्षांच्या आत. २०१५ साली याच लवादानं उरण-पनवेलकडच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा हुकूम काढला. तिथं समोर बंदर आणि शहर उभारणाऱ्या सरकारी संस्थाच होत्या.

एवढं सगळं मी घरी वाचून दाखवलं. आत्या ऐकत होती. माझा चुलता नाना मात्र उठून बाहेर गेला. नाना त्याच नगरपालिकेत सफाई कामगार आहे. गटार तुंबलं की त्याला बोलावतात, तो उतरतो. नंतर मला म्हणाला, "तुज्या आत्येची कालवा वाचतील रे, माजी नोकरी जाईल. साहेब बोलेल गटार नानानंच साफ केला नाय."

मी गप्प झालो. कारण हे खरं आहे. चौकशी लागली तर पहिला मेमो नानाला मिळेल. गटाराचं तोंड खडकावर आणायचं कोणी ठरवलं, नकाशावर सही कोणाची, मैलापाणी शुद्ध करायचं यंत्र का बसलं नाही, हे कोणी विचारणार नाही. म्हणून अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. त्यात पहिलंच वाक्य घातलं की आमची तक्रार सफाई कामगारांविरुद्ध नाही, ठराव करणाऱ्यांविरुद्ध आहे. नगरपालिका म्हणजे फावडं धरलेला हात नव्हे. नगरपालिका म्हणजे सही करणारा हात. नानानं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं, आणि मग साक्षीदार म्हणून अंगठ्याशेजारी सही केली. अंगठा आत्याचा.

उत्तर अजून आलेलं नाही. आत्या आता काजूच्या कारखान्यात बिया फोडते, बियांच्या तेलानं बोटं काळी पडलीत. एम्सवर्थचा खटला जिंकला, तरी तिथला कालवांचा धंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही, हेही मी तिच्यापासून लपवलं नाही. निकाल उशिरा येतो. कालव तोवर थांबत नाही.

पण एक काम आम्ही सुरू केलंय. शाळेची शंभर पानी वही आणली. गटारातून काय पडलं, पाण्याचा रंग कसा, किती कालवं मेलेली निघाली, कोण आजारी पडलं, कोणत्या तारखेला कोणत्या खिडकीत कोण काय म्हणालं, सगळं आत्या सांगते आणि वाडीतली पोरं लिहितात. ज्या ज्या वाडीवर असं तोंड उघडलंय, तिथं ही वही सुरू करा. पाच वर्षं मोजायला आजपासून लागा.

त्यांच्याकडं वहिवाट आहे. आपल्याकडं निदान वही पाहिजे.