म्युझिक व्हिडिओ आणि गाण्याचे शब्द : दोघांचे नाते कसे असते?

म्युझिक व्हिडिओ म्हणजे एखाद्या गाण्यासाठी खास तयार केलेली छोटी फिल्म. गाण्यात जे म्हटले आहे तेच व्हिडिओत दिसणार, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्येक वेळी तसे होत नाही. ब्रिटिश अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या 'डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी' या पुस्तकात या नात्याचे तीन प्रकार सांगितले आहेत.

१. शब्दांचे चित्रण

गाण्यात जे आहे तेच पडद्यावर दिसते. अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया' (१९९५) या गाण्यातली तरुणी भारतीय मनाचा जोडीदार मागते. केन घोष दिग्दर्शित व्हिडिओत एकेक वर नाकारणारी राजकन्या शेवटी मिलिंद सोमण यांची निवड करते.

२. शब्दांमध्ये भर

शब्दांचा भाव तोच राहतो, पण गोष्ट व्हिडिओ पुरवतो. शुभा मुद्गल यांनी गायलेले 'मन के मंजीरे' हे मोकळ्या झालेल्या मनाचे गाणे आहे. प्रसून जोशी यांच्या शब्दांत ट्रक नाही की मारझोड नाही. व्हिडिओत मात्र मीता वसिष्ठ नवऱ्याचा छळ सोडून ट्रक चालवायला निघालेल्या बाईच्या भूमिकेत आहेत. हे कथानक एका खऱ्या स्त्रीच्या आयुष्यावर बेतलेले होते. मन कशातून मोकळे झाले, हे प्रेक्षकाला दृश्यांतून कळते.

३. विसंगती

ऐकू येते एक आणि दिसते भलतेच. चाइल्डिश गॅम्बिनोच्या 'धिस इज अमेरिका' (२०१८) या गाण्याची सुरुवात मौजमजेच्या शब्दांनी होते. हिरो मुराई दिग्दर्शित व्हिडिओत नाचता नाचता गायक एका माणसाला गोळी घालतो. बंदूक लाल कापडात जपून ठेवली जाते आणि देह फरफटत नेला जातो. माणसापेक्षा बंदुकीला जास्त जपणाऱ्या समाजावरची ही टीका नुसता ऑडिओ ऐकून पोहोचत नाही.

शब्द तेच, अर्थ नवा

काही व्हिडिओ या तीन प्रकारांच्याही पुढे जातात. 'हर्ट' हे ट्रेंट रेझनर यांचे १९९४ मधील गाणे तरुण वयातल्या वेदनेचे आणि आत्मनाशाचे होते. २००२ मध्ये जॉनी कॅश यांनी ते जवळपास त्याच शब्दांत गायले. मार्क रोमानेक यांच्या व्हिडिओत थकलेले कॅश, त्यांचे बंद पडलेले संग्रहालय आणि मधूनमधून त्यांच्या तरुणपणीची दृश्ये दिसतात. जिन्यातून त्यांच्याकडे पाहणाऱ्या पत्नी जून कार्टर मे २००३ मध्ये गेल्या, सप्टेंबरमध्ये कॅशही गेले. त्यामुळे तेच शब्द आता आयुष्याचा हिशेब मांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे वाटतात. व्हिडिओ पाहिल्यावर हे गाणे आता आपले राहिले नाही, अशा आशयाचे खुद्द रेझनर बोलले होते.

पाहताना काय लक्षात ठेवावे?

व्हिडिओ हा गाण्याचा एक अर्थ असतो, एकमेव अर्थ नव्हे. रीलमध्ये त्याचा तुकडा वेगळ्याच दृश्यावर लावला की अर्थ पुन्हा बदलतो. म्हणून एखाद्या गाण्यावर मत देण्याआधी ते एकदा स्क्रीन न पाहता ऐकावे, मग व्हिडिओ पाहावा. शब्दांनी काय सांगितले आणि चित्रांनी काय जोडले, हे लगेच वेगळे काढता येते.