पामीर : सातू वाहणारी शाळा

२१ सप्टेंबर १९५७. अझोर्स बेटांच्या पश्चिम-नैऋत्येस सुमारे ६०० सागरी मैलांवर, 'कॅरी' नावाच्या चक्रीवादळात, चार डोलकाठ्यांचे एक जर्मन जहाज डाव्या कुशीवर कलले आणि पुन्हा सरळ झालेच नाही. जहाजावर ८६ माणसे होती. त्यांतील निम्म्याहून अधिक कॅडेट होते, म्हणजे दर्यावर्दी अधिकारी होण्यासाठी शिडांवर धडे गिरवणारी कोवळी मुले. त्या ८६ जणांपैकी सहाच वाचले.

त्या जहाजाचे नाव पामीर. वादळाने त्याला बुडवले, असे सर्रास सांगितले जाते. पण ते अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे जहाजाच्या पोटात होते.

पामीर बांधले गेले १९०५ साली, हॅम्बुर्गच्या ब्लोम उंट फॉस गोदीत. मालक होते एफ. लाइझ ही पेढी. 'प' या अक्षराने सुरू होणारी जहाजांची नावे, पोलादी सांगाडा आणि वेग यांसाठी ती पेढी प्रसिद्ध होती. चिलीतून सोरा भरायचा, केप हॉर्नला वळसा घालायचा आणि युरोप गाठायचा, हा या जहाजांचा धंदा. पुढे दोन महायुद्धांनी पामीरचा झेंडा वारंवार बदलला. पहिल्या युद्धानंतर ते नुकसानभरपाई म्हणून इटलीकडे गेले, मग लाइझने परत विकत घेतले. १९३१ मध्ये ते फिनलंडच्या गुस्ताफ एरिक्सनकडे आले आणि १९४१ मध्ये न्यूझीलंडने जप्त केले. १९४९ मध्ये, पुन्हा एरिक्सन घराण्याकडे असताना, केवळ शिडांच्या बळावर माल घेऊन केप हॉर्न ओलांडणारे ते शेवटचे व्यापारी जहाज ठरले. त्यानंतर ते भंगारात निघाले होते. एका जर्मन जहाजमालकाने ते वाचवले, त्यात इंजिन बसवले आणि पामीर शाळा झाले.

शाळा म्हणजे खर्च. तो भागवायचा कसा? जर्मन जहाजमालकांच्या एका संयुक्त संस्थेने पूर्वीचीच वाट कायम ठेवली : मुलांनी शिडे ओढावीत, आणि जहाजाने माल वाहून आपले पोट भरावे. वाफेच्या व डिझेलच्या जहाजांशी स्पर्धा करत हे गणित जुळणे कठीणच होते.

१० ऑगस्ट १९५७ रोजी पामीर ब्युनोस आयर्सहून हॅम्बुर्गकडे निघाले. भरताड होते ३,७८० टन सातू. थोडी पोती सोडली तर सारा सुटा. सुटे धान्य समुद्रात जवळजवळ पाण्यासारखे वागते. जहाज एका कुशीला झुकले की दाणे तिकडे सरकतात. मग ते वजनच जहाजाला सरळ होऊ देत नाही, आणि पुढची प्रत्येक लाट थोडे अधिक कलवते. म्हणूनच कोठारात उभ्या फळ्यांचे आडोसे घालतात आणि धान्य कानाकोपऱ्यांत दाबून पसरतात. हे कसबी माणसांचे काम. त्या वेळी गोदी कामगारांचे आंदोलन सुरू असल्याने ते सराईत हातांकडून झाले नाही. एरवी पाणी भरून जहाजाला तोल देणाऱ्या तळटाक्यांतही सातूच भरला होता.

जानेवारी १९५८ मध्ये ल्यूबेकच्या सागरी न्यायाधिकरणासमोर चौकशी झाली. निष्कर्ष असा : सातू सरकला, शिडे वेळेत उतरवली गेली नाहीत, आणि टाक्यांत पाणीही सोडले गेले नाही. कप्तान योहानेस डीबिच हे नेहमीच्या कप्तानाच्या जागी या सफरीपुरते आले होते. बुडालेल्या माणसावर सारे ढकलणे सोपे असते, आणि हा निर्णय सर्वांना पटलाही नाही. पण पामीर बुडाल्यावर काही आठवड्यांतच तिच्या जोडीचे जहाज पासाट हेही सातूच घेऊन येत होते. वादळात त्याच्याही पोटातला माल सरकला आणि ते कसेबसे लिस्बनला पोहोचले. दोन जहाजे, दोन कप्तान, माल मात्र एकच. मग हा दोष केवळ एका माणसाचा कसा म्हणावा? मालवाहतुकीवर चालणारी जर्मनीची ही शिडाची शाळा तिथेच बंद झाली.

शिडावरचे शिक्षण मात्र थांबले नाही. जर्मन नौदलाने याआधीही असा घाव सोसला होता : २६ जुलै १९३२ रोजी त्यांचे 'निओबे' हे प्रशिक्षण जहाज अचानक आलेल्या वावटळीत उलटले आणि ६९ जण गेले. त्या दुर्घटनेनंतर १९३३ मध्ये 'गोर्च फॉक' बांधले गेले, तेच मुळी सहजी उलटू नये अशा बेताने, तळाशी भरपूर निरम घालून. २३ ऑगस्ट १९५८ रोजी, पामीर बुडून वर्षही झाले नव्हते तेव्हा, त्याच आराखड्यावरचे आणि त्याच नावाचे नवे जहाज ब्लोम उंट फॉसनेच पाण्यात सोडले. त्यात मालाचे कोठार नव्हते. जहाजाला कमवायचे नव्हते. खर्च सरकारचा होता.

पासाट आज ट्रावेमुंडेच्या धक्क्याला कायमचे बांधलेले आहे. तिथून जवळच, ल्यूबेकच्या सेंट याकोबी चर्चमध्ये, पामीरची एक तुटकी जीवनरक्षक होडी ठेवलेली आहे.