डॉक्टरांचे बी.एड.

पहिलीच्या वर्गाला बेरीज शिकवायची तर अध्यापनाची पदविका लागते. नववीला विज्ञान शिकवायचे तर बी.एड. हवे. मात्र ज्याच्या हाती उद्या माणसाचा जीव असणार त्या विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी एम.डी. किंवा एम.एस. असले की पुरे, अशी समजूत जगभर फार काळ होती. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, हे त्यामागचे गृहीतक. (आम्हा संशोधकांच्या जगातही पीएच.डी.बद्दल असेच समजले जाते, हे जाता जाता सांगून टाकू.) या गृहीतकाला धक्का कसा बसला, याची हकीकत आपल्यासारख्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण तो धक्का देण्यात शिक्षणशास्त्राचा मोठा वाटा होता.

सुरुवात एका शाळामास्तरापासून करू. अब्राहम फ्लेक्सनर हे डॉक्टर नव्हते. अमेरिकेतील लुईव्हिल गावी ते स्वतःची शाळा चालवत. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या सांगण्यावरून त्यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहिल्या आणि १९१० साली अहवाल लिहिला. प्रयोगशाळा नाहीत, हाताशी रुग्णालय नाही, प्रवेशाला धड पात्रता नाही, असे चित्र त्यात होते. पुढच्या काही वर्षांत अनेक शाळा बंद पडल्या. उरलेल्यांत प्रयोगशाळा आल्या, पूर्णवेळ प्राध्यापक आले. पण त्या प्राध्यापकांची पारख प्रामुख्याने संशोधनावरून होऊ लागली. त्यांना शिकवता येते का, हा प्रश्न मागेच राहिला.

परिचारिका मात्र याबाबतीत डॉक्टरांच्या बऱ्याच पुढे होत्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेल्या टीचर्स कॉलेजात, म्हणजे चक्क अध्यापक महाविद्यालयात, १८९९ साली त्यांच्यासाठी अभ्यासक्रम सुरू झाला. परिचर्या शाळा चालवणाऱ्या आणि तिथे शिकवणाऱ्या स्त्रिया त्यात तयार होत. १९०७ साली अ‍ॅडलेड नटिंग तिथेच प्राध्यापक झाल्या. परिचर्या क्षेत्रातील त्या जगातील पहिल्या प्राध्यापक. वैद्यकशिक्षणाच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख क्वचितच आढळतो. रुग्णालयातील उतरंड इतिहास लिहितानाही सुटत नाही, असेच म्हणायचे!

डॉक्टरांची पाळी आली ती १९५०च्या दशकात, बफेलो विद्यापीठात. जॉर्ज मिलर हे तिथले वैद्यकाचे प्राध्यापक. त्यांनी त्याच विद्यापीठातल्या शिक्षणशास्त्राच्या मंडळींना साद घातली. त्यांत स्टीफन एब्रहॅमसन हे प्रमुख. एका आवारात राहूनही एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन विभाग एका टेबलाशी बसले. रॅल्फ टायलर यांचे अभ्यासक्रमावरील पुस्तक १९४९ साली आले होते, तर ब्लूम आणि सहकाऱ्यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ साली आले. आपण बी.एड.ला घोकलेली ही नावे! टायलर यांचे प्रश्न साधे होते. विद्यार्थ्याला काय यायला हवे? त्यासाठी त्याला कोणते अनुभव द्यायचे? त्यांची मांडणी कशी करायची? आणि ते आले की नाही हे कसे ओळखायचे?

हे प्रश्न वैद्यकीय वर्गात विचारले की काय होते ते पाहू. समजा, हृदयाची झडप नीट मिटत नसेल तर ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, म्हणजे मर्मर, विद्यार्थ्याला ओळखता यायला हवा. प्राध्यापक काय करत? मर्मरचे प्रकार, कारणे आणि कोष्टक असे तासभर व्याख्यान देत. परीक्षेत विचारत, ‘मर्मरचे प्रकार लिहा.’ विद्यार्थी सुरेख उत्तर लिही आणि उत्तीर्ण होई. या सगळ्यात त्याने छातीला स्टेथोस्कोप लावून कान देऊन ऐकले की नाही, ते कुणी पाहिलेच नव्हते. मिलर १९५९ साली इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे क्रिस्टीन मॅग्वायर यांनी वैद्यकीय परीक्षांचे प्रश्न तपासले तेव्हा त्यांतील मोठा भाग केवळ आठवण जोखणारा निघाला.

तेव्हा शिक्षकाला शिकवणे सुधारायचे तर परीक्षेलाही हात घालणे भाग होते. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने रुग्णाची भूमिका वठवणारी माणसे तयार केली. त्याविषयीचा लेख त्यांनी १९६४ साली लिहिला, तो एब्रहॅमसन यांच्यासह. एव्हाना तेही तिथे येऊन पोचले होते. जुन्या पद्धतीत एक परीक्षक आणि एक रुग्ण असे. सोपा रुग्ण वाट्याला आला तर नशीब! स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली यावर तोड सुचवली. विद्यार्थी ठरावीक वेळाने एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक ठिकाणी एकच काम करायचे, आणि परीक्षकापुढे आधीच ठरवलेली यादी असते. मिलर यांनी १९९० साली या साऱ्याची चार पायऱ्यांत मांडणी केली: माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात करतो.

दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने हे काम देशोदेशी नेले. आधी विभागीय केंद्रे उभी करायची, त्यांनी राष्ट्रीय केंद्रांतील शिक्षक तयार करायचे, अशी योजना होती. श्रीलंकेत पेरादेनिया येथे विभागीय केंद्र निघाले, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यास पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये आपले राष्ट्रीय केंद्र. तेथील नामवंत सर्जनही आपल्यासारखेच पाच-दहा मिनिटांचा सूक्ष्म पाठ सहकाऱ्यांपुढे घेत आणि मग मुकाट्याने टीका ऐकत. भारतीय वैद्यक परिषदेने १९९७च्या नियमांत महाविद्यालयांतील वैद्यकशिक्षण विभागांची तरतूद केली आणि २००९ पासून विभागीय केंद्रांमार्फत कार्यशाळा चालवल्या. परिषदेची जागा २०२० साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. त्याच्या २०२२च्या नियमावलीत बढतीसाठी अध्यापनाचा मूलभूत अभ्यासक्रम आवश्यक ठरला.

सक्तीची कार्यशाळा म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. हजेरी, चहा, प्रमाणपत्र. म्हणून मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ साली सुरू झालेला फाइमर पाठ्यक्रम आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्यशिक्षक येतात, आणि प्रत्येकाला आपल्या संस्थेत शिक्षणातला एखादा बदल करून दाखवावा लागतो.

या प्रशिक्षणांचा उपयोग होतो का? इव्हॉन स्टाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ५३ आणि २०१६ साली आणखी १११ अभ्यास एकत्र करून पाहिले. शिक्षक समाधानी होते, त्यांना नवे काही समजले होते, वागण्यातही बदल झाल्याचे ते सांगत होते. पण त्यांच्या विद्यार्थ्यांत काय फरक पडला हे मोजणारे अभ्यास थोडे, आणि रुग्णांपर्यंत काय पोचले हे पाहणारे तर अगदीच मोजके होते. एक विद्यार्थी पन्नास शिक्षकांच्या हाताखालून जातो आणि काही वर्षांनी स्वतंत्रपणे रुग्ण तपासू लागतो. त्याच्या कानाने मर्मर ओळखला, तर त्याचे श्रेय कुणाच्या कार्यशाळेला द्यायचे, हे वेगळे काढण्याची चांगली पद्धत अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.