एचआयव्हीच्या गोळ्या सुरू असताना केमोथेरपी: काय लक्षात ठेवाल?

केमो सुरू होणार म्हणून एआरटीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. काही औषधं मात्र एकमेकांना नडतात.

• रिटोनाविर: औषधांचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम रोखतं. विनक्रिस्टिन, डोसिटॅक्सेल अंगात साठून नसांना, रक्तपेशींना इजा होऊ शकते.
• झिडोव्हुडिन: केमोसारखंच रक्तपेशी घटवतं.
• टेनोफोविर: सिस्प्लॅटिनसोबत मूत्रपिंडावर दुहेरी ताण.

डोल्युटेग्राविरचा अडथळा तुलनेने कमी; गरजेनुसार डॉक्टर गोळी बदलू शकतात.

संत तुकाराम नगरच्या वायसीएम रुग्णालयासारख्या एआरटी केंद्रातून गोळ्या घेत असाल, तर त्यांची नावं कॅन्सरच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. भीतीपोटी लपवू नका: 2017च्या कायद्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.